झिजलेल्या नाण्याची साक्ष

महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांच्या देव्हाऱ्यांत टाकांच्या शेजारीं एखादें जुनें नाणें ठेवलेलें आढळतें. तें कोणीं आणि केव्हां ठेवलें हें घरांत कोणालाच नक्की ठाऊक नसतें. पणजीच्या वेळेपासून आहे, एवढेंच सांगण्यांत येतें. चिंचेनें आणि राखेनें तें दर सणाला घासलें जातें, आणि अशा शेंकडों सणांनंतर त्यावरचीं अक्षरें इतकीं पुसट होतात कीं एक चकचकीत चकती तेवढी शिल्लक राहते. मग एखाद्या दिवशीं घरांतला जिज्ञासु तरुण ती भिंगाखालीं धरतो. त्याला वर 'श्री'सारखें कांहीं दिसतें, खालीं 'व'चा गोलवा दिसतो, आणि आपल्या घरांत शिवछत्रपतींचा होन आहे अशी वार्ता संध्याकाळपर्यंत सगळ्या आळींत पसरते.

बहुतेक वेळां तो होन नसतो. ती तांब्याची शिवराई असते, आणि पूजेसाठीं कोणीं तिला सोन्याचें पाणी चढविलेलें असतें. शिवराईला कमी लेखण्याचें कारण नाहीं. एका बाजूस तीन ओळींत 'श्री राजा शिव' आणि दुसरीकडे दोन ओळींत 'छत्रपति' हा तिचा लेख महाराजांच्या नांवानें सुरू झाला, आणि त्यांच्या मागें दीडशें वर्षांहून अधिक काळ निरनिराळ्या टांकसाळींत तो तसाच पडत राहिला. पण शिवराया लाखोंनीं पडल्या. होन फारच थोडे उरले आहेत. लेख दोहोंवर तोच. १६७४ च्या राज्याभिषेकाशीं ज्याचा संबंध जोडला जातो तें सुमारें २.८ ग्रॅम वजनाचें, जुन्या मापानें जेमतेम तीन मासे भरणारें सोन्याचें लहानसें नाणें आज कोणाच्या हातीं लागणें ही असामान्य गोष्ट होय. म्हणूनच त्याच्या नकलाही पुष्कळ होतात. आणि नकला करणारे लोक नवें कोरें नाणें बनवीत नाहींत, मोडकें, झिजलेलें, ओरखडलेलें नाणें बनवितात.

ह्यांत त्यांची चतुराई आहे. कोऱ्या नाण्यावर प्रत्येक अक्षर तपासतां येतें. झिजलेल्या नाण्यावर संशयाला जागा असते तेथेंच नेमकी झीज ठेवतां येते. ज्या अक्षराचें वळण नकल करणाऱ्यास साधलें नाहीं त्या अक्षरावर एक कानशीचा घाव पडला कीं काम झालें. ग्राहक मनांत म्हणतो, बिचारें तीनशें वर्षें फिरलें, इतकी इजा होणारच! जाणत्या परीक्षकाचें मन उलट्या दिशेनें चालतें. तो अक्षरें वाचण्याच्या आधीं इजा वाचतो. ही इजा केव्हांची, कशाची, आणि ती येथेंच कां, असा त्याचा पहिला प्रश्न असतो.

कांहीं इजा ह्या मुळीं इजाच नसतात. आपल्याकडील हातघडणीच्या नाण्यांत ठसा मोठा आणि चकती लहान असे. खालचा ठसा ऐरणींत पक्का बसविलेला, त्यावर धातूची चकती, तिच्यावर वरचा ठसा हातानें धरलेला, आणि मग घणाचा घाव. चकती जरा सरकली कीं निम्मा लेख बाहेर गेला. त्यामुळें टांकसाळींतून त्याच दिवशीं निघालेल्या नाण्यावरही 'छत्र' आहे तर 'पति' अर्धवट, 'राजा' आहे तर 'श्री'ची वेलांटीच नाहीं, असें सर्रास घडे. हें तुटणें नव्हे. हें न उमटणें. दोहोंतला भेद कडेवर दिसतो. न उमटलेल्या जागीं चकतीची मूळ गोल कड शाबूत असते. तुटलेल्या किंवा कातरलेल्या जागीं कड सरळ आणि तीक्ष्ण येते. पुरा लेख हवा असेल तर अशीं दहा नाणीं शेजारीं ठेवून, एकाचें डोकें आणि दुसऱ्याचा पाय जुळवून तो वाचावा लागतो. शिवराईचेच पाहा: तिच्यावर 'शिव' आहे, 'सिव' आहे, 'सीव' आहे, ऱ्हस्वदीर्घाचे तर सगळे प्रकार आहेत. ठसे खोदणारा कारागीर व्याकरण शिकलेला नव्हता, म्हणून अशुद्ध अक्षर पाहून नाणें खोटें ठरविणारा पंडित स्वतःच फसतो. अशा नाण्यांत फार शुद्ध आणि फार रेखीव अक्षरच अधिक संशयास्पद समजावें.

हातोहात फिरून जी झीज होते तिला एक नीति असते. ती उंच भागांवर आधीं येते. अक्षरांचे माथे, चेहऱ्याचा गाल, कपाळावरील केस हीं प्रथम सपाट होतात. अक्षराच्या पायथ्याशीं, जेथें बोट पोंचत नाहीं तेथें, ठशाची मूळ धार तशीच राहते. ओतीव नकलेंत हें उलटें दिसतें. खऱ्या नाण्यावरून साचा घेऊन धातु ओतला म्हणजे उंचवटे आणि खळगे सारखेच बोथट येतात. अक्षराचा माथाही मऊ, पायथाही मऊ. जणूं सगळें नाणें साबणाचें होतें आणि जरा विरघळलें. शिवाय ओतीव पृष्ठावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे राहतात, आणि साच्याच्या दोन पाळ्या जुळतात तेथें कडेवर एक रेघ उठते. ती रेघ कानशीनें घासलेली असेल, तर कडेवर कानशीचे समांतर चरे भिंगांतून दिसतात. म्हणून अनुभवी मनुष्य नाणें हातीं येतांच आधीं त्याची कड पाहतो, आणि लेख मागाहून.

मग वजन. झिजलेलें नाणें हलकें भरावें हें उघड आहे, परंतु किती हलकें ह्यालाही प्रमाण आहे. सोन्याचें चलन मुख्यतः तिजोरींत आणि पेटींत राही. तांब्याइतकें तें बाजारांत हिंडत नसे. अक्षरें निम्मीं गेलेला होन पूर्ण वजनाचा भरला तर कांहींतरी चुकलें आहे असें समजावें. मात्र येथें एक अडचण येते. पुष्कळ सोन्याचीं नाणीं दागिन्यांत गेलीं. पुतळ्यांची माळ आपल्या ओळखीची आहेच. तशाच मोहरांना आणि होनांना कड्या लावून त्या गळ्यांत घातल्या गेल्या. पुढें केव्हां तरी कडी काढली, पण डाखाचें सोनें कडेला चिकटून राहिलें, आणि वजन मूळापेक्षां उगीच वाढलें. अशा नाण्यावर कडेजवळ एक फुगीर, जरा निराळ्या रंगाचा डाग दिसतो. तो खरा असेल तर दागिन्याच्या इतिहासाचा पुरावा आहे. खोटा असेल तर पडद्याचें काम करतो. नकल करणारे हा डाग मुद्दाम लावतात, कारण डागाखालीं काय होतें हें कोणास विचारतां येत नाहीं.

नुसत्या वजनानें धातु कळत नाहीं. त्यासाठीं आर्किमिडीजचा दोन हजार वर्षांपूर्वींचा उपाय अजून कामास येतो. नाणें आधीं हवेंत तोलावें, मग बारीक धाग्यानें पाण्यांत लोंबतें धरून तोलावें. जितकें वजन घटेल तितक्या वजनाचें पाणी नाण्यानें बाजूस सारलें. शुद्ध सोनें आपल्याएवढ्या पाण्याच्या १९.३ पट जड, चांदी १०.५ पट, तांबें जवळजवळ ९ पट. बावीस कॅरटच्या आसपासच्या सोन्याचा २.८ ग्रॅमचा होन पाण्यांत सुमारें ०.१६ ग्रॅम घटेल. तितक्याच वजनाची मुलामा दिलेली पितळेची चकती ०.३३ ग्रॅम, म्हणजे दुप्पट. पितळेची चोरी अशी साध्या तराजूनें उघडी पडते. परंतु आंकडे इतके लहान आहेत कीं सराफाच्या नेहमींच्या काट्यावर वीस कॅरट आणि बावीस कॅरट ह्यांतला फरक ओळखूं जाणें फुकट आहे. त्याला मिलिग्रॅमपर्यंत चालणारा तराजू पाहिजे. आणि टंगस्टन धातूची घनता सोन्याशीं इतकी मिळतीजुळती आहे कीं आंतून टंगस्टन आणि बाहेरून सोनें असा माल पाण्याच्या परीक्षेंतून सुखरूप सुटतो. क्ष-किरणांनीं धातूची जात सांगणारीं यंत्रें आतां आहेत व तीं नाण्यास इजा करीत नाहींत. पण तींही मुख्यतः कातडीच वाचतात. मातींत पडलेल्या मिश्रधातूच्या कातडींतून तांबें झिरपून जातें आणि सोनें किंवा चांदी मागें राहते, म्हणून पृष्ठावरचा कस गाभ्याहून चढा निघतो. यंत्रानें सांगितलेला आंकडा हा निकाल नव्हे. तोही एक साक्षीदारच.

कसोटीच्या दगडावर होन घासणारे सराफ मात्र अजून भेटतात. त्यांना हात जोडून नको म्हणावें. कस कळेल, परंतु नाण्याच्या अंगावर एक नवी जखम होईल, आणि पुढच्या परीक्षकाला ती जुन्या जखमांतून वेगळी काढीत बसावें लागेल.

जखमांविषयीं एक गोष्ट मोठी मौजेची आहे. एकाच ठशांतून निघालेलीं दोन नाणीं अक्षराअक्षरांत सारखीं असतात. त्यांत नवल नाहीं, उलट ठसे जुळले म्हणजे परीक्षकाला समाधान वाटतें. परंतु टांकसाळींतून बाहेर पडल्यावर प्रत्येक नाण्याचें नशीब वेगळें. एक दगडावर पडतें, दुसऱ्यावर सराफ आपली बारीक खूण ठोकतो, तिसऱ्याला नांगराचा फाळ लागतो. तेव्हां दोन निराळ्या नाण्यांवर तोच ओरखडा, त्याच जागीं, त्याच तिरप्या दिशेनें दिसला, तर दोहोंपैकीं निदान एक तरी ओतीव आहे हें निश्चित; बहुधा दोन्हीही, कोण्या तिसऱ्याच्या साच्यांतून निघालेलीं. तिसरें खरें असेलही, पण तें आतां समोर नाहीं. अर्थात ठशालाच चीर गेली असेल तर ती त्या ठशाच्या पुढच्या सगळ्या नाण्यांवर उमटेल; पण ठशाची चीर नाण्यावर उंच उठते आणि ओरखडा खोल जातो, एवढा भेद भिंगाखालीं सहज दिसतो. म्हणून जुन्या नाण्याचें छायाचित्र काढतांना त्यावरील डाग लपविणारा मनुष्य नकळत नकल करणाऱ्यांना मदत करतो. तो डागच नाण्याची खरी ओळख होती.

युरोपांत कार्ल विल्हेल्म बेकर नांवाचा एक जर्मन गृहस्थ होऊन गेला. जन्म १७७२, मृत्यु १८३०. त्यानें ग्रीक, रोमन आणि मध्ययुगीन नाण्यांचे शेंकडों ठसे स्वतः खोदले आणि ओतीव नव्हे तर घण मारून नाणीं पाडलीं. त्यामुळें बुडबुडे नाहींत, कडेची रेघ नाहीं, कांहीं नाहीं. उरला प्रश्न वयाचा. असें सांगतात कीं, लोखंडाचा कीस आणि वंगण भरलेल्या पेटींत तीं नाणीं घालून ती पेटी तो आपल्या घोडागाडीखालीं बांधी व खडबडीत रस्त्यांवरून फिरवून आणी. दोनचार कोसांत शेंपन्नास वर्षांची झीज होई. मोठमोठ्या संग्राहकांनीं तीं विकत घेतलीं. अखेर त्याला पकडून दिलें तें त्याच्याच हातानें. निरनिराळ्या देशांच्या आणि शतकांच्या नाण्यांवर एकाच कारागिराच्या हाताचें वळण दिसूं लागलें. त्याचे ठसे पुढें बर्लिनच्या संग्रहालयांत आले आणि आतां ते अभ्यासाला उपयोगी पडतात.

गाडीची झीज आणि हाताची झीज ह्यांत अंतर आहे. पेटींत नाणें सगळीकडून सारखें आपटतें, म्हणून सगळीकडून सारखेंच झिजतें. माणसाचा अंगठा मात्र उंचवट्याचा शोधक आहे. रंगाचेंही तसेंच. तांब्यावर शतकानुशतकें मातींत बसलेला हिरवा थर धातूंतूनच वाढलेला असतो. तो कठीण असतो आणि त्याच्याखालीं तांबडा थर लागतो. आम्ल आणि मीठ लावून आठवड्यांत आणलेली हिरवळ भुकटीसारखी असते. रंगानें आणलेली तर कापसाला लागून येते. जुनी चांदी काळाच्या ओघांत ठिसूळ होते. तिची तुटलेली कड खडीसाखरेसारखी दाणेदार दिसते, ताजी चांदी तुटण्याआधीं वांकते. आणि एखाद्या चांदीच्या नाण्याच्या भेगेंतून हिरवें डोकावत असेल, तर आंत तांबें आहे. तेवढ्यावरून मात्र तें आजचें खोटें नाणें ठरत नाहीं. आहत नाण्यांच्या काळांतही तांब्यावर चांदीचें पान चढवून बाजार फसविणारे होतेच. दोन हजार वर्षांपूर्वींची लबाडी ही आज अस्सल प्राचीन वस्तु असते, ही थट्टा काळानेंच केलेली आहे.

इजा हीच साक्ष कशी होते ह्याचें सर्वांत मोठें उदाहरण महाराष्ट्रांतलेंच आहे. १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांत गोदाकाठच्या जोगलटेंभी गांवीं चांदीच्या नाण्यांचा एक प्रचंड सांठा निघाला. नाणीं सुमारें १३,२५०. सगळीं मुळांत क्षहरात वंशांतील नहपान राजाचीं: एकीकडे राजाचा उजवीकडे पाहणारा मुखवटा आणि भोंवतीं ग्रीक अक्षरें, दुसरीकडे बाण व वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपींत त्याचें नांव. परंतु ह्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाणीं पाहणाराला खराब झालेलीं वाटावींत अशीं होतीं. मुखवट्याचें नाक चेपलेलें, अक्षरें मध्येंच तुटलेलीं, बाणावर भलतीच वर्तुळें. रेव्हरंड एच. आर. स्कॉट ह्यांनीं तीं तपासून त्यांचा वृत्तांत रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. ती खराबी नव्हती. एका बाजूस तीन कमानींचा डोंगर व त्याखालीं नागमोडी रेघ, दुसरीकडे चार गोल जोडणारी उज्जयिनीची खूण, आणि भोंवतीं गौतमीपुत्र सातकर्णीचें नांव! जिंकणाऱ्यानें जिंकलेल्याच्या नाण्यांवर आपला ठसा मारून तीं पुन्हां बाजारांत सोडलीं होतीं. वितळविण्याचें लांकूड वांचलें, वेळ वांचला, आणि पाहणाराला राजा बदलल्याचें कळलें तें वेगळेंच.

असें नाणें वाचण्याची तऱ्हा अशी. दिव्याचा उजेड सरळ न पाडतां बाजूनें, जवळजवळ नाण्याला समांतर पाडावा आणि नाणें हळूहळू फिरवावें. एका कोनांत डोंगर उठून दिसतो; थोडें फिरवतांच डोंगर मावळतो आणि त्याच्याखालून कपाळाची रेघ, कानाची पाळी, कडेला दोनतीन ग्रीक अक्षरें वर येतात. जें वर आहे तें नंतरचें, जें खालीं आहे तें आधींचें; ह्या क्रमाला कोणत्याही पंडिताची संमति लागत नाहीं. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमी बलश्रीच्या लेखांत तिच्या पुत्रानें क्षहरातांचा समूळ उच्छेद केल्याचें कोरलेलें आहेच. पण प्रशस्ति ही प्रशस्ति असते, आणि आई मुलाविषयीं थोडें अधिक बोलणारच. जोगलटेंभीच्या मडक्यानें त्या शब्दांना चांदीची जोड दिली. त्यांतही एक बारीक गोष्ट अशी कीं, मधल्या कोणा तिसऱ्या राजाचें एकही नाणें त्या सांठ्यांत नाहीं. नहपान आणि सातकर्णी ह्यांच्या दरम्यान फार काळ लोटला नव्हता हें त्यावरून दिसतें. नहपानाच्या वेळच्या लेखांतील ४१ ते ४६ हीं वर्षें शकाचीं कीं त्याच्या राज्यारोहणापासूनचीं, हा वाद अजून मिटलेला नाहीं. तो मिटेल तेव्हां मिटो. दोघांचा परस्परसंबंध मात्र त्या चेपलेल्या नाकांनीं पक्का केला.

आतां कल्पना करावी कीं तीं नऊ हजार नाणीं कोणा उत्साही मनुष्यानें चिंचेच्या पाण्यांत बुडवून लख्ख केलीं असतीं. वरचा डोंगर राहिला असता, पण खालची कपाळाची रेघ गेली असती. कारण खालचें चित्र आधींच चेपून पातळ झालेलें असतें आणि घासण्यांत पहिला बळी त्याचाच पडतो. किंवा असें समजा कीं तीं नाणीं एकेक करून वीस सराफांकडे विकलीं गेलीं असतीं. मग प्रत्येक नाणें खरें राहिलें असतें, आणि तिसऱ्या राजाचें एकही नाणें नव्हतें ही गोष्ट मात्र कोणासही कळली नसती. सुटें नाणें खरें कीं खोटें इतकेंच सांगूं शकतें. सांठा एकत्र राहिला तर तो इतिहास सांगतो. आजही शेतांत, घराच्या पायांत, विहिरीच्या गाळांत मडकीं निघतात आणि पुष्कळशीं सोनाराच्या मुशींत जातात, आणि त्याचें कारण बहुतेक वेळां लोभापेक्षां भय हें असतें. सरकार सगळेंच घेऊन जाईल, अशी समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे.

कायदा तसें म्हणत नाहीं. १८७८ च्या निखात निधि कायद्याप्रमाणें जमिनींत पुरलेला दहा रुपयांहून अधिक किंमतीचा ठेवा सांपडल्यास तो कलेक्टरास लेखी कळवावा लागतो. न कळविणें हा गुन्हा आहे. चौकशीअंतीं तो बेवारस ठरला आणि जागेच्या मालकाशीं निराळा करार नसला, तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्यास आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकास मिळतो. सरकारानें तो संग्रहासाठीं घेतला, तर धातूची किंमत आणि वर तिचा पांचवा हिस्सा द्यावा लागतो. दुर्मिळ नाण्याची किंमत धातूच्या किंमतीहून कितीतरी अधिक असते, म्हणून हा पांचवा हिस्सा अपुरा आहे हें कोणीही मान्य करील, आणि मडकें लपविण्याच्या वृत्तीला ह्या कंजूषपणानें हातभारच लागतो. १९७२ च्या कायद्यानें शंभर वर्षांहून जुनीं नाणीं परवान्यावांचून परदेशीं नेण्यास बंदी आहे. खरेदी करतांना विकणारा तें नाणें लंडनच्या लिलांवांत सहज खपेल असें सांगूं लागला, तर त्याच्यापासून दूर राहावें.

देव्हाऱ्यांतल्या त्या चकतीपुरतें बोलायचें तर, पहिलें काम म्हणजे तिला चिंच लावणें थांबविणें. ती कागदाच्या पाकिटांत ठेवावी, प्लॅस्टिकच्या चिकट पिशवींत नव्हे. पाकिटावर ती कोठून आली, कोणाकडून आली, हें घरांतल्या वृद्ध माणसांना विचारून लिहावें. वजन मिलिग्रॅमपर्यंत करून घ्यावें, दोन्ही बाजूंचीं व कडेचीं छायाचित्रें तिरप्या उजेडांत काढावींत, आणि तीं घेऊन मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांतील, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळांतील किंवा नाशिकजवळ अंजनेरी येथें १९८० पासून चाललेल्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेंतील जाणत्यांना दाखवावींत. नाणें विकत घेऊं पाहणाऱ्यानें दिलेला अभिप्राय अभिप्राय म्हणून मोजूं नये. आणि तपासाअंतीं ती होन न ठरतां लेखाच्या ओळींमध्यें दोन समांतर दांडे असलेली शिवराई निघाली, तर पाकिटावर 'दुदांडी' एवढें लिहून, वजन नोंदवून, ती पुन्हां टाकांशेजारीं ठेवण्यास हरकत नाहीं. फक्त पुढच्या सणाला ती ताम्हनांतल्या इतर भांड्यांबरोबर घासावयास जाऊं नये, एवढें घरांत सांगून ठेवावें.